घाटापलीकडचा पावसाळा

१. एका रस्त्यावरचे दोन पावसाळे

राष्ट्रीय महामार्ग ६१ भिवंडीपासून सुरू होतो. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळे फाटा, आणे घाट असा चढत-उतरत तो नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचतो. भिवंडी ते नगर अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. जुलैच्या एखाद्या सकाळी भिवंडीहून निघालेल्या गाडीचे वायपर कल्याणपर्यंत थांबत नाहीत. माळशेजमध्ये धबधब्याचे पाणी थेट टपावर पडते आणि धुक्यात पुढच्या ट्रकचा दिवाही दिसेनासा होतो. घाटमाथा ओलांडून पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी डावीकडे मागे पडले की पावसाचा जोर उतरतो. ओतूरला भुरभुर असते, आळे फाट्याला रस्ता कोरडा. आणे घाट चढून पठारावर आले की आभाळ ढगांनी भरलेले, वारा भणाणता, आणि शेतात मात्र बाजरीला पाणी कधी मिळते याची वाट पाहत उभा राहिलेला माणूस.

भिवंडीच्या माणसाला इथे हमखास प्रश्न पडतो. वर ढग तेच, वाराही तोच, मग पाऊस गेला कुठे? आणि लगेच दुसरा प्रश्न: इतक्या कमी पावसाच्या मुलखात पावसाळ्याची मजा ती काय असणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या भूगोलात एका ओळीत मिळते. दुसऱ्याचे मात्र कुठेच मिळत नाही, म्हणून या प्रकरणात त्याला जास्त जागा दिली आहे.

२. हे वाळवंट आहे का?

नाही. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला ढोबळमानाने वाळवंट म्हणतात. जैसलमेर त्यात बसते. पारनेर, नगर, कर्जत, माण, आटपाडी, सांगोला या तालुक्यांत सरासरी ४५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे हा अर्धशुष्क प्रदेश, आणि डोंगराच्या आडोशामुळे कोरडा राहिलेला म्हणून पर्जन्यछायेचा प्रदेश. नंदुरबार-धुळ्यापासून सांगलीच्या जतपर्यंत सह्याद्रीला समांतर असा हा पट्टा पसरलेला आहे. महाराष्ट्रात वाळवंटाच्या सर्वांत जवळ जाणारा मुलूख हाच. सरासरी पाचशेची असली तरी एखादे वर्ष तीनशेवरच संपते, आणि अशा वर्षी व्याख्येतला फरक टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यात अर्थ नसतो.

या आकड्यांचा अंदाज येण्यासाठी मिलिमीटर म्हणजे काय ते आधी पाहू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फरशीवर एक लिटर पाणी ओतले आणि ते कुठेही वाहून गेले नाही, तर तिच्यावर बरोबर एक मिलिमीटर जाडीचा थर उभा राहतो. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस हा दर चौरस मीटरला एक लिटर. भिवंडीत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे त्या फरशीवर अडीच हजार लिटर. पारनेरकडे पाचशे लिटर.

२६ जुलै २००५ चा प्रलय ठाणे जिल्ह्यात अजून कोणी विसरलेले नाही. त्या वेळी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. नगरकडे दीड वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस एका दिवस-रात्रीत पडला होता.

३. डोंगर ढग कसा पिळतो

उन्हाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम सुटतो. तांब्या गळत नसतो. भोवतालच्या हवेत वाफ असते, ती हवा थंड धातूला लागून गार होते आणि गार हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही. जास्तीची वाफ पाणी होऊन तांब्यावर उतरते. सह्याद्री हे काम अजस्र प्रमाणावर करतो.

अरबी समुद्रावरून येणारा नैऋत्य वारा वाफेने भरलेला असतो. कोकणपट्टी ओलांडून तो सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो. मागून ढकलणारी हवा सतत येत असल्याने त्याला परतता येत नाही, म्हणून तो वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे हवा फुगते आणि फुगताना गार होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते, तोच हा प्रकार.

आता आकड्यांत. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ सांभाळू शकते, २० अंशांना फक्त १७ ग्रॅम. घाट चढताना हवा आठ अंशांनी गार झाली, तर प्रत्येक घनमीटरमागे दहा ग्रॅम पाणी बाहेर पडायला हवे. प्रत्यक्षातला हिशेब हवेच्या फुगण्यामुळे थोडा वेगळा होतो, पण कल्पना येण्यापुरता हा पुरे. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे. अशा अब्जावधी घनमीटरचे दोन-दोन चमचे माळशेजवर, भीमाशंकरवर, महाबळेश्वरवर दिवसरात्र रिते होत असतात.

पलीकडे उतरताना उलटे घडते. हवा खाली येते, दाबली जाते आणि पुन्हा तापते. समजा ती परत २८ अंशांवर आली. तिच्यात आता १७ ग्रॅम वाफ आहे आणि क्षमता २७ ची. म्हणजे ती ६३ टक्के भरलेली राहिली. अशी हवा पाणी सोडायला तयार नसते. उलट वाळत घातलेल्या कपड्यांतले पाणी शोषून घेते. भिवंडीच्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात हा फरक कोणालाही कळतो. हवा कोरडी झाली की सुती ताण्याचे धागे पटापट तुटतात, म्हणून मागाच्या खोलीत ओलावा राखावा लागतो.

या पिळण्याचा सर्वांत ठळक नमुना सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तिथून अठरा-एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणि घाट उतरून वाईला पोहोचले की सातशे-आठशे. ताज्या स्ट्रॉबेरीची एक पेटी विकत घेऊन खाली येईपर्यंत पाऊस सात-आठ पटींनी घटलेला असतो. जुन्नर तालुक्यातही तेच. तालुक्याच्या पश्चिम टोकाला माळशेजचा मुसळधार, पूर्व टोकाला आणे पठारावरची पाणीटंचाई, आणि दोन्हीकडची माणसे कामासाठी एकाच तहसील कचेरीत जातात.

मग पर्जन्यछायेवर दिसणाऱ्या ढगांचे काय? ते असतात, पण बरेचसे उथळ. त्यांतले थेंब इतके बारीक की जमिनीपर्यंत येण्याएवढे जड होत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात २०१७ ते २०१९ या काळात विमानातून ढगांत क्षारकण फवारून थेंब मोठे होतात का, याचे प्रयोग केले. योग्य ढग निवडले तर काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचे त्यात आढळले. योग्य ढग निवडले तर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. आभाळ मोकळे असेल तर कोणताही प्रयोग पाऊस पाडू शकत नाही.

४. इथला पावसाळा कसा चालतो

कोकणात पावसाळा एकदा दारात आला की चार महिने घरातच मुक्काम ठोकतो. घाटापलीकडे तो पाहुण्यासारखा येतो-जातो. त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक शेतकरी अजून नक्षत्रांवरच मोजतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, म्हणून हे पंचांग पंधरवड्यापेक्षा थोडे लहान असे भाग पाडते.

सुरुवात वळवाने होते. एप्रिल-मेमध्ये दुपारभर जमीन तापते, तापलेली हवा वेगाने वर जाते, आणि चार वाजेपर्यंत ईशान्येला किंवा पूर्वेला काळा डोंगर उभा राहतो. वावटळ येते, पत्रे वाजतात, गारा पडतात, अर्ध्या तासात सगळे संपते. हा पाऊस समुद्राकडून चालत आलेला नसतो. जागच्या जागी शिजलेला असतो. म्हणून एका शिवारात पाणी साचते आणि बांधापलीकडे धूळ उडते.

७-८ जूनला मृग लागते आणि नंतर आर्द्रा. या दोन नक्षत्रांत खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा यांची पेरणी उरकायची असते. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. कोकणात हे दोघे धो-धो कोसळत असताना पर्जन्यछायेत त्यांचे नावच काय ते ऐकू येते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग, वारा आणि अधूनमधून भुरभुर, बस्स. त्यातच पावसाला मोठा खंड पडतो. उत्तर भारतावरचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की महाराष्ट्रावरचा पाऊस ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांची उघडीप बाजरीच्या जिवावर उठते.

खरा पाऊस येतो सप्टेंबरमध्ये, उत्तरा आणि हस्ताच्या सुमारास. तोवर मोसमी वाऱ्याचा जोर कमी झालेला असतो, बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे क्षेत्र दख्खनवर पोहोचते, आणि पुन्हा गडगडाट सुरू होतो. वारा पश्चिमेचाच राहिला नसल्याने सह्याद्रीचा आडोसाही चालत नाही. नगर आणि सोलापूरकडे वर्षातला सर्वाधिक पाऊस याच महिन्यात पडतो. या पावसावर काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू पेरतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या मालदांडी वाणाने तिला राज्यभर नाव मिळवून दिले. काळी माती स्पंजासारखी पाणी धरते आणि ज्वारीची मुळे ते हळूहळू पीत फेब्रुवारीपर्यंत जातात. कोकणातला भात पावसात उभा राहून वाढतो. शाळूचे सगळे आयुष्य पाऊस संपल्यावर जाते.

भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. नगरकडे वर्षात असे दिवस चाळीसच्या आत-बाहेर. भिवंडीत त्याच्या जवळपास दुप्पट. उरलेले दिवस म्हणजे ढगाळ, वाऱ्याचे, कोरडे आणि गार. घाटापलीकडच्या पावसाळ्याची खरी मौज या उरलेल्या दिवसांतच आहे.

५. ऊन नाही, पाऊस नाही

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो. जुलैत तोच दुपारी बत्तीस-तेहतिसावर येतो. पाऊस पडो न पडो, ढगांची छत्री आणि पश्चिमेचा वारा एवढे काम करतातच. भिवंडीतही जुलैत तापमान कमी असते, पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, भिंतींना बुरशी धरते, दोरीवरचे कपडे तीन दिवस दमट राहतात. शरीर गार होण्यासाठी घाम वाळावा लागतो. तो वाळण्यासाठी हवेत जागा लागते, आणि ती जागा वर सांगितलेल्या ६३ टक्के भरलेल्या हवेत असते.

वाऱ्याचे वेगळे सांगायला हवे. जून ते ऑगस्ट या काळात पठारावर वारा थांबतच नाही. पारनेर, सुपे, साताऱ्याचे वनकुसवडे, चाळकेवाडी इथे उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचा सुगीचा काळ हाच. पठारावर फिरायला जाणाऱ्याने छत्री नेऊ नये, ती उलटी होते. मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. जाड लोकरीवरून हलकी सर ओघळून जाते, वाराही अडतो. कोकणातल्या मुसळधार पावसात मात्र घोंगडी भिजून मणभर जड होते, म्हणून तिथे पानांचे इरले आले. पोशाखावरून पाऊस ओळखावा तो असा.

६. मातीचा वास कुठे चांगला येतो

पहिल्या पावसाच्या वासाला मराठीत मृद्गंध हा देखणा शब्द आहे. विज्ञानात त्याचे नामकरण १९६४ मध्ये झाले. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी त्याला ‘पेट्रिकोर’ म्हटले. कोरड्या काळात वनस्पतींमधून निघणारी तेले माती आणि दगड शोषून घेतात. पाऊस पडल्यावर ती मोकळी होतात, असे त्यांनी दाखवले. त्यात मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेले जिओस्मिन नावाचे द्रव्य मिसळते. मानवी नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असते, हवेत त्याचा अंशमात्र असला तरी ते ओळखते.

वास हवेत उडतो कसा, हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत वेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन सोड्याच्या बाटलीसारखे फुटतात, आणि फुटताना वासाचे कण तुषारांबरोबर वर फेकले जातात. यातही मेख आहे. हलक्या आणि मध्यम सरींत हे तुषार जास्त उडतात. मुसळधार पावसात थेंबाचा मारा इतका असतो की बुडबुडे बनायलाच सवड मिळत नाही.

आता दोन गावांची तुलना करावी. भिवंडीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा मृद्गंध येतो, नंतर माती ऑक्टोबरपर्यंत भिजलेलीच असते. घाटापलीकडे प्रत्येक उघडिपीनंतर माती पुन्हा वाळते, पुन्हा हलकी सर येते, पुन्हा वास सुटतो. कोकणाला वर्षातून एकदाच मिळणारी गोष्ट इथे दहा वेळा मिळते. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून हाच वास काढून बाटलीत भरतात आणि तो महाग विकतात. नगरच्या माळावर त्याला पैसे पडत नाहीत.

७. इंद्रधनुष्य कधी शोधावे

इंद्रधनुष्याला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: समोर पाऊस आणि पाठीमागे ऊन. सलग भरलेल्या कोकणी आभाळात हा योग क्वचित येतो. तुटक ढगांच्या मुलखात श्रावणात तो वारंवार येतो. धनुष्याची कमान सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर असते. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढलेला असेल तर सपाट जमिनीवरून कमान दिसणारच नाही, ती क्षितिजाखाली राहते.

सूर्याची उंची मोजायला उपकरण नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी लांब पडली की सूर्य ४२ अंशांच्या खाली आला. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात असे साधारण सकाळी सव्वानऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर घडते. चारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणून पाठ घाटाकडे आणि तोंड नगरकडे करून उभे राहावे.

८. माळ जागा होतो

उन्हाळ्यात हे माळ मेलेले वाटतात. वळवाच्या दोन सरी पडल्या की मातीतून मखमली लाल किडे वर येतात. यांना मृगाचा किडा म्हणतात, संस्कृतात इंद्रगोप. तो खरे तर किडा नाही, आठ पायांचा आहे आणि गोचिडाच्या कुळातला. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढून तो पहिल्या पावसात जोडीदार आणि भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. त्याच सुमारास मातीत पुरून राहिलेले बेडूक डबक्यांकडे धावतात. डबके वाळण्याआधी अंड्याचा बेडूक व्हायला हवा, त्यामुळे इथे सगळ्यांनाच घाई असते.

पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत ओरडतो. डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा चातक मोसमी वाऱ्याच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. तो फक्त पावसाचे पाणी पितो ही कवींची समजूत, प्रत्यक्षात तो सुरवंट आवडीने खातो. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते आठवड्याभरात माळ हिरवा करतात. कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात, १९८० पासून राखलेल्या गवतात, काळविटांचे कळप पाहायला हा काळ उत्तम. सोलापूर-नगर भागातले माळढोक अभयारण्य १९७९ चे, पण ज्याच्या नावाने ते झाले तो पक्षी आता तिथे दिसणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली सरकारी समजूत त्याला भोवली.

रानभाज्यांतही दोन बाजू वेगळ्या. भिवंडी-कल्याणच्या बाजारात जूनमध्ये शेवळे येतात, पाठोपाठ टाकळा, आणि पहिल्या पुरात शेतात चढणारे वलगणीचे मासे. घाटापलीकडे बांधावर तांदुळजा, पाथरी, चिघळ. ताटात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे.

९. पावसाळ्यात चालायचे तर कुठून

आषाढी वारी पावसाळ्यात निघते आणि लाखो माणसे अडीच-तीन आठवडे उघड्यावर चालतात, हे कोकणात राहणाऱ्याला अशक्य वाटते. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मार्ग पाहिला की उलगडा होतो. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, पंढरपूर: पुण्यानंतर वाट पर्जन्यछायेतच जाते. ढगांची सावली मिळते, हलक्या सरी अंगावर येतात आणि वाऱ्याने धोतर-साड्या पुन्हा वाळतात. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण आणि पुरंदवड्याच्या मैदानात गोल रिंगण होते. तिथे घोडा भरधाव सुटतो तो पायाखालची जमीन चिखल झालेली नसते म्हणून. हाच सोहळा मुरबाड-शहापुरातून नेला असता तर तिसऱ्या दिवशी मुक्कामालाच राहावे लागले असते.

१०. दोन धोके आणि एक हिशेब

पहिला धोका विजेचा. वळीव आणि सप्टेंबरचा पाऊस दोन्ही गडगडाटी असतात, आणि मोकळ्या माळावर सर्वांत उंच वस्तू बहुधा माणूस किंवा एकटे झाड असते. वीज चमकल्यावर सेकंद मोजावेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावा. नऊ सेकंदांनी गडगडले तर वीज तीन किलोमीटरवर, म्हणजे पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरायची वेळ झालेली आहे. झाडाखाली उभे राहू नये. जवळपासच्या विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप वर उल्लेखलेल्या पुण्याच्या संस्थेनेच तयार केले आहे.

दुसरा धोका ओढ्याचा. पाऊस वर दहा किलोमीटरवर पडलेला असतो, ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असते, आणि लोंढा येतो.

हिशेब पाण्याचा. नगरजवळच्या हिवरे बाजारची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने काय केले, हे इथे पुन्हा सांगायला नको. या प्रकरणापुरती एकच बाब: गाव दरवर्षी पाऊस मोजते आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर, दहा हजार चौरस मीटरवर, ४० लाख लिटर. ऐकायला प्रचंड. पण उसाला एका हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस पाच हेक्टरवरचा सगळा पाऊस पितो, तोही एक थेंब वाया गेला नाही असे धरून. बाजरीचे तीन-साडेतीनशे मिलिमीटरमध्ये भागते. गावाने ऊस आणि केळी बंद केली, शेतीसाठी विंधनविहिरी बंद केल्या, यामागे एवढे साधे गणित आहे.

घराचाही हिशेब करता येतो. पन्नास चौरस मीटरचा पत्रा आणि ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २५ हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी वीस हजार उरतात. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर लागले, तर हे पाणी ४०० दिवस पुरते. टाकी तेवढी मोठी हवी, आणि अडचण नेमकी तिथेच येते.

११. इतर कोरड्या मुलखांत

अरबी भाषेतल्या ऋतुवाचक शब्दावरून आपला मोसम आला आणि इंग्रजांचा मॉन्सूनही. ओमानच्या दक्षिणेला सलालाह नावाचे शहर आहे. आपल्याकडे येणाऱ्या नैऋत्य मोसमी वाऱ्याचाच एक काठ जून ते सप्टेंबरमध्ये तिथल्या डोंगरांना घासतो. पाऊस नावापुरता, पण धुके आणि बुरबुर इतकी की वाळवंटाच्या कडेचे डोंगर हिरवे होतात. आखाती देशांतली कुटुंबे गाड्या भरून तिथे केवळ भिजायला येतात. या ऋतूला ते खरीफ म्हणतात. आपल्या पिकांच्या खरिपाचे मूळही तोच अरबी शब्द.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही उन्हाळी मोसमी पाऊस येतो. टूसॉन शहरात वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो, आपल्या वळवासारखा दुपारनंतर, गडगडत. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओडम लोक पावसाआधी सग्वारो निवडुंगाची लाल फळे काढून त्यांची दारू करतात आणि ती पिऊन पावसाला बोलावतात.

१२. मेंढरे कोणत्या बाजूला

पावसाळा कुठे चांगला, यावर सर्वांत जुने आणि विचारपूर्वक दिलेले मत धनगरांचे आहे. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन, म्हणजे मेंढरे, घोडी, कोंबड्या आणि पोराबाळांसह, घाट उतरून कोकणात येतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरे बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. कोकणात त्या काळात गवत आणि पाणी दोन्ही असते. वर माळावर तेव्हा काहीच उरलेले नसते.

मृग जवळ आला की हेच वाडे उलट्या दिशेने घाट चढतात. जिथे पाणी मुबलक पडणार आहे तो प्रदेश सोडून, जिथे कमी पडणार आहे तिकडे. दख्खनी मेंढी सततच्या पावसात टिकत नाही. खूर सडतात, लोकर भिजून राहते, पोटात जंत होतात, कोकरे गारठतात. तिला हवे असते कोवळे आखूड गवत, निचऱ्याची जमीन आणि वारा, आणि हे तिन्ही पर्जन्यछायेत जून ते ऑक्टोबर मिळते. पावसाळ्याचे चार महिने वाडा आपल्या गावच्या शिवारात असतो. लग्ने उरकलेली असतात, आषाढात देवाची जत्रा होते, लोकर कातरली जाते, घोंगड्यांचे माग चालू होतात.

हस्ताचा पाऊस उलटला, शाळू वीतभर वर आला आणि माळावरचे गवत पिवळे पडले की घोड्यांवर पुन्हा बिऱ्हाड चढते. नोव्हेंबरमध्ये माळशेजच्या वळणांवर मेंढरांमुळे वाहतूक खोळंबते. ट्रकवाले भोंगे वाजवतात, मेंढरे आपल्या चालीने उतरत राहतात, आणि खाली मुरबाडच्या बाजूला खाचरे कापून मोकळी झालेली असतात.